नवा अल्बम सुचवायचा तर असा सुचवा, मग जॉनर (संगीताचा प्रकार) कुठलाही असो

ग्रुपवर लिंक टाकायची आणि खाली 'जबरदस्त, ऐकाच' एवढंच लिहायचं, याला मी तरी सुचवणं म्हणत नाही. कोण उघडतं ती लिंक? समोरच्याला तीन गोष्टी कळल्या की पुरे, हा अल्बम कुणासाठी आहे, सुरुवात कुठल्या गाण्यापासून करायची आणि कधी ऐकायचा. दहापैकी साडेआठ, मास्टरपीस, गूजबम्प्स वगैरे सोडून दिलंत तरी कुणाचं काही अडत नाही.

आता नवीन काय आलंय हे आधी कळायला हवं. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी यायला लागले (त्याआधी अमेरिकेत मंगळवार, इंग्लंडात सोमवार असा घोळ होता), म्हणजे आपल्याकडे गुरुवारी रात्री बारा वाजून गेले की ॲपवर दिसायला लागतात. स्पॉटिफायचा रिलीज रडार (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी यादी) पण शुक्रवारीच बदलतो पण नुसता त्याच्यावर राहू नका, तुम्ही जे ऐकता त्याच्याच आसपासचं तो आणून देतो, महिनाभर लोफाय (अभ्यासाला लावतात तसलं संथ, मंद संगीत) ऐकलंत तर जन्मभर लोफाय. वेगवेगळं हवं असेल तर गायकापेक्षा लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, धरा. जॅझसाठी म्युनिकचं ईसीएम घ्या, १९६९ पासून चालू आहे आणि त्यांच्या सीडी तर पाच सेकंदांच्या शांततेनं सुरू होतात, तेव्हा फोन बिघडला म्हणून हलवत बसू नका. छोट्या बँडसाठी बँडकॅम्प (कलाकार थेट गाणी विकतात ती साइट), तिथे शहराच्या किंवा प्रकाराच्या टॅगवर जाऊन नवीन आलेलं वर आणता येतं. आणि आपल्या गोव्यातली कोंकणी गाणी, त्यातली कितीतरी अल्बम म्हणून येतच नाहीत, तियात्रातली (कोंकणी नाटकांतली) कांतारां, म्हणजे गाणी, यूट्यूबवर एकेक सुटी पडतात आणि नावं बहुतेक रोमीत (रोमन लिपीत), एकाच शब्दाची तीन-तीन स्पेलिंगं, म्हणून देवनागरीत शोधून सापडलं नाही की लगेच हात टेकू नका.

सापडलं की ते खरंच नवीन आहे का ते बघा, ही पायरी सगळेजण गाळतात. नव्या रिलीजच्या यादीत जुन्या अल्बमचे रीमास्टर (जुनंच ध्वनिमुद्रण आवाज सुधारून), डिलक्स (जादा गाणी घातलेल्या) आवृत्त्या, दहा वर्षं झाली म्हणून परत काढलेले असं सगळं घुसलेलं असतं. अल्बमच्या पानावर अगदी तळाशी जा, गोलातल्या पी पुढे वर्ष असतं, ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं (गोलातला सी म्हणजे कव्हर आणि मजकुराचा). तिथे जुनं वर्ष दिसलं की विषय संपला. पण रीमास्टरवर कधीकधी वर्षही नवंच छापतात, तेव्हा नावापुढचं शेपूट (रीमास्टर, डिलक्स वगैरे) पण वाचा. आणि चार ते सहा गाणी, अर्ध्या तासाच्या आत, असं असेल तर त्याला ईपी म्हणतात, अल्बम म्हणून सुचवलंत तर ग्रुपवरचा एक तरी शहाणा येऊन सांगणारच.

मग ऐका. पूर्ण ऐका, शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद, डेटा सेव्हर पण बंद करा, त्यात आवाजाचा दर्जा उतरतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरला जातो, त्यामुळे हल्ली गाणं सुरू होताच हुक (मनात अडकणारी ओळ किंवा चाल) अंगावर येतो आणि भारी गाणी सगळी पहिल्या तिनात भरलेली असतात, म्हणून अल्बमचा खरा कस सातव्या-आठव्या गाण्याला लागतो. तिथे कंटाळा आला तर तसं लिहायचं, लाजायचं काय त्यात. निदान दोनदा आणि दोन जागी ऐका. फोंडा ते पणजी कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसमध्ये एक अल्बम आरामात होतो, पण बसच्या इंजिनात खालचा बेस सगळा बुडतो, तेव्हा डब नाहीतर टेक्नो अशा बेसवरच्या संगीताबद्दलचं मत वाटेतल्या बाणस्तारीच्या पुलावर बनवू नका, घरी इयरफोन घालून बनवा.

जॉनरप्रमाणे सांगायची पद्धत बदलते, खरी गंमत इथेच आहे. ख्यालाचा नवा अल्बम घ्या, एकच राग, एकच ट्रॅक, चाळीस मिनिटं, नवख्या माणसाला विलंबितात (सुरुवातीच्या संथ भागात) नुसता सोडलात तर तो दहाव्या मिनिटाला रील्सवर. त्याला सांगायचं की आधी द्रुत (जलद) बंदिश ऐक, ती वेगळ्या ट्रॅकवर नसेल तर कितव्या मिनिटाला सुरू होते ते आकडा घालून लिहा, मग शेवटी एखादं भजन किंवा नाट्यगीत असेल तर ते, आणि गोडी लागली की पहिल्यापासून. याउलट जो लहानपणापासून देवळातल्या मैफली ऐकत आलाय त्याला हे सांगायला गेलात तर तो चिडेल, त्याला फक्त राग, ताल आणि साथीला कोण एवढं द्या, बाकी त्याचं तो बघतो. आणि छोटं म्हणजे हलकं असं डोक्यात ठेवू नका, आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली ती साडेतीन मिनिटांची आहे.

मेटल असेल तर पहिल्याच ओळीत सांगा, गुरगुरणारा आवाज आहे की साफ गाणं, कारण लोक पळतात ते गिटारमुळे नाही, त्या आवाजामुळे. हिपहॉपमध्ये प्रोड्यूसर (मागचं संगीत बनवणारा) कोण ते लिहा, निम्मा अल्बम त्याचा असतो, आणि गाण्यापुढे चौकटीत इंग्रजी ई (म्हणजे शिव्या-अश्लील शब्द) असेल तर तेही सांगा, लोक गाडीत आईला घेऊन जातात रे. ट्रान्सचं (पार्ट्यांत वाजणारं ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत) वेगळंच, गोवा म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं आपण सगळे उठल्यापासून तेच ऐकतो. त्यात सुटं गाणं सुचवून उपयोग नाही, सलग जोडलेला मिक्स आहे की सुटे ट्रॅक ते सांगा आणि वेळ सांगा, रात्री लांब गाडी चालवताना, जिममध्ये, असं काहीतरी. इंडी पॉपला एवढं करावं लागत नाही, ते आपोआप पसरतं.

शेवटी मेसेज. नमुना म्हणून देतो, नावं तुमची घाला (घुमट म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य):

'मामा, अमुकचा नवा अल्बम आलाय, आठ गाणी, ३८ मिनिटं. तुम्हाला चवथीच्या आरत्यांतलं घुमट आवडतं म्हणून पाठवतोय. पहिलं गाणं सोडा, नुसता कीबोर्ड आहे, तिसऱ्यापासून लावा, दोन मिनिटांनी घुमट येतं तिथपर्यंत थांबा. सहावं मला नाही आवडलं. संध्याकाळी निवांत बसून ऐका, स्पीकरवर.'

बघा, यात कौतुकाचं एकही विशेषण नाही तरी मामा ऐकणार, कारण तो मेसेज फक्त त्यांना आहे. तोच अल्बम कॉलेजातल्या भाच्याला पाठवताना दुसरंच गाणं दाखवायचं, बहुधा तेच सहावं. न आवडलेलं एक तरी गाणं सांगाच, म्हणजे बाकीच्या कौतुकावर विश्वास बसतो. 'ह्यांच्यासारखं वाजतं' ही तुलना जपून करा, समोरच्यानं ते दुसरं नाव ऐकलेलंच नसेल तर अंधारात दगड. एका माणसाला आठवड्यात एकच अल्बम, दोन पाठवलेत की एकही ऐकला जात नाही. आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'ऐकलास?' म्हणून मागे लागू नका, आठवड्यानं विचारा की कुठलं गाणं परत लावलंस, त्या उत्तरावरून पुढचा अल्बम कुठला पाठवायचा ते कळतं.

आवडला आणि बँडकॅम्पवर असेल तर लिंक तिथलीच द्या. २०२० च्या मार्चपासून ते काही ठरावीक शुक्रवारी स्वतःचं कमिशन सोडतात, बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात त्याला, तारखा आधी जाहीर होतात, विकत घ्यायचंच असेल तर तोपर्यंत थांबायला सांगा.

हे सगळं फोनमधल्या नोट्समध्ये तारखेसकट लिहून ठेवत जा, कुणाला काय पाठवलं त्यासकट. वर्षअखेरीच्या बेस्ट अल्बमच्या याद्या नोव्हेंबर संपता-संपताच यायला लागतात, त्यामुळे डिसेंबरात आलेले अल्बम त्यातून सरळ गळतात आणि पुढच्या वर्षीच्या यादीत पण कुणाला आठवत नाहीत. ते जानेवारीत पाठवा.