क्रूझला निघताना हातातली पिशवी
साताऱ्याहून मुंबईचे बंदर सुमारे 250 किलोमीटरवर असले, तरी खंबाटकी आणि बोरघाटातली वाहतूक कधी अडेल याचा नेम नसल्याने व बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश बंद होत असल्याने, कुटुंबाने आदल्या रात्रीच मुंबईत मुक्कामाला पोहोचावे. टर्मिनलवर सोपवलेल्या मोठ्या बॅगा खोलीत यायला काही तास लागू शकतात आणि मुलांना तर चढल्या चढल्या तरणतलावात उतरायचे असते. म्हणून पोहण्याचे कपडे, औषधे व ओळखपत्रे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. (घरच्या चिवड्याचा डबा मात्र नियम पाहूनच घ्यावा, कारण अनेक बोटींवर घरगुती पदार्थ नेऊ देत नाहीत.) मळमळीचा त्रास असणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची खोली मागावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात.