हेडफोनमधल्या सभागृहात गाताना या चुका टाळा

घरच्या छोट्या स्टुडिओत गायकांचे ध्वनिमुद्रण करताना आणि ऑनलाइन बैठकांची ध्वनिव्यवस्था सांभाळताना मी चांगल्या तयारीच्या गायकांकडूनही त्याच त्या चुका होताना पाहतो. या चुका गळ्याच्या नसतात. आपल्या कानात या क्षणी कोणती जागा वाजते आहे आणि ऐकणाऱ्याच्या कानात कोणती, याचा विचार न केल्यामुळे त्या होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हेडफोनमध्ये भरपूर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या वास्तूसारखा यंत्राने जोडलेला घुमारा, घेऊन गाणे. मोठ्या वास्तूत स्वर सोडल्यावरही तो हवेत रेंगाळतो, त्यामुळे गायक नकळत लय खाली आणतो, दोन आलापांमध्ये अधिक थांबतो आणि न्यासाचा, म्हणजे आलाप जिथे विसावतो तो, स्वर लवकर सोडतो, कारण उरलेले काम वास्तूच करत असते. खऱ्या सभागृहात हे योग्यच आहे, कारण श्रोत्यालाही तीच आस, म्हणजे स्वराचा रेंगाळणारा नाद, ऐकू येते. मुद्रणात मात्र आस फक्त हेडफोनमध्ये असते. ट्रॅकवर कोरडा, म्हणजे रिव्हर्बशिवायचा, आवाज उतरतो.

एक गायिका यमनमधला ख्याल मुद्रित करण्यासाठी आली होती. कोरड्या आवाजात गाता येत नाही म्हणून तिने एखाद्या भव्य चर्चसारखा रिव्हर्ब मागितला आणि मी तो दिला, ही चूक माझीही होती. गाताना सगळे सुंदर वाटले. दुसऱ्या दिवशी रिव्हर्ब काढून ऐकले, तेव्हा निषादावरून षड्जावर येताना षड्ज नुसता शिवून सोडलेला होता, आणि तानांचे दाणे एकमेकांत मिसळून गेले होते. नंतर थोडा जास्त रिव्हर्ब टाकला तर हे झाकले जाईल का, असे तिने विचारले. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घाईतला नवा गायक विचारतो आणि माझे उत्तर नेहमी नाही असेच असते, कारण रिव्हर्ब जो स्वर लावलाच नाही तो निर्माण करू शकत नाही. ख्याल पहिल्यापासून पुन्हा गावा लागला.

तेव्हापासून मी पहिली दहा मिनिटे खर्ज पूर्ण कोरडा लावायला सांगतो, एका कानावरचा हेडफोन थोडा मागे सरकवतो, आणि मग रिव्हर्ब इतकाच देतो की तो बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवावी.

दीर्घ रिव्हर्बमध्ये गाऊच नये असे माझे म्हणणे नाही. इस्तंबूलच्या हागिया सोफिया या भव्य प्राचीन वास्तूमध्ये फुगे फोडून टिपलेल्या ध्वनीवरून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या वास्तूची सुमारे ११ सेकंदांची आस संगणकावर उभी केली, आणि कापेला रोमाना या गायकवृंदाने त्या आभासी वास्तूत बायझंटाइन स्तोत्रे गायली. त्यांचे २०१९ साली प्रसिद्ध झालेले मुद्रण मी विद्यार्थ्यांना आवर्जून ऐकवतो, कारण त्यात वास्तू नंतर चिकटवलेली नाही. गायक ती गातानाच ऐकत होते आणि तीच श्रोत्यापर्यंत पोहोचते.

दुसरी चूक ऑनलाइन बैठकीतली. परदेशातल्या एका मंडळासाठी गाणाऱ्या एका ज्येष्ठ गायकांना श्रोत्यांनी मध्येच आवाज येत नसल्याचे कळवले. त्यांनी आवाज चढवला, पुन्हा तीच तक्रार आली, पुन्हा चढवला, आणि मध्यंतरापर्यंत त्यांचा गळा बसला. दोष गळ्याचा नव्हताच. बोलण्यासाठी बनवलेली व्हिडिओ कॉलची ॲप्स एकसारखा चालणारा ध्वनी पंख्याची घरघर समजून पुसतात, त्यामुळे तंबोरा आधी जातो आणि मग लांबवलेला स्थिर षड्जही विरतो. त्यात आपला आवाज पोहोचत नाही असे वाटले की माणूस आपसूक जोर लावतो. म्हणून गोंगाट पुसणारी सोय आधी बंद करावी. झूममध्ये त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ आहे. मी स्वतः शेजारच्या खोलीत दुसऱ्या फोनवरून श्रोता म्हणून सामील होतो आणि पाच मिनिटे फक्त तंबोरा ऐकतो. तो अखंड येत नसेल, तर गायकांना बसू देत नाही.

ब्लूटूथ हेडफोन लावून गाऊ नये; स्वतःचाच आवाज उशिरा कानी आला की लय हमखास ओढली जाते.

तबलजी दुसऱ्या शहरात बसवून साध्या व्हिडिओ कॉलवर द्रुत बंदिश गाण्याचा हट्ट सोडावा. तिथेही आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे सम एकत्र येत नाही, कितीही सराव केला तरी.

खोली सुधारण्याऐवजी महागडे प्लगइन, म्हणजे आवाज सुधारणारी संगणकावरची जोड-सॉफ्टवेअर, विकत घेण्याचा मार्गही मला पटत नाही. समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली तरी बराच फरक पडतो.

आणि मायक्रोफोनपासूनचे अंतर बैठकभर एकच ठेवू नये. खर्जात मी वीतभर अंतर ठेवायला सांगतो, आणि तार षड्जाला आवाज आवळण्याऐवजी मान किंचित मागे घ्यायला सांगतो.