लाइन आली तरी आकडे येईनात?

जिनिंगमधलं मीटर कलेक्टडी (collectd, ठरावीक वेळानं आकडे गोळा करणारा प्रोग्राम) याच्या जावा प्लगिननं वाचत असाल, तर भारनियमनात मीटर बंद पडून प्लगिनमधलं 'रीड' (आकडे वाचणारं फंक्शन) उणे 1 परत करतं. शून्य सोडून काहीही आलं की कलेक्टडी पुढचा फेरा दुप्पट लांबवतो. 10 सेकंदांचे 20, मग 40, थेट 24 तासांपर्यंत. लाइन सहा तास गेली तर आल्यावरही पाचेक तास आलेख कोराच!

कॉन्फिग फाइलीत, प्लगिनच्या ब्लॉकबाहेर, 'MaxReadInterval 60' (म्हणजे फेरा जास्तीत जास्त 60 सेकंदांचा) लिहून डिमन, म्हणजे मागे चालणारा कलेक्टडी, रीस्टार्ट करा. लाइन आली की मिनिटाभरात आकडे सुरू. बिघाड झाकायला 'रीड'मधून शून्य परत करणं मात्र टाळा, लॉगमध्ये काहीच दिसणार नाही.

मीटरशी बोलणाऱ्या सॉकेटला जोडणी अन् वाचन, दोन्हींसाठी 3000 मिलिसेकंदांचा टाइमआउट (थांबण्याची मर्यादा) द्याच. मुळात कलेक्टडीत रीड थ्रेड (एकाच वेळी वाचन करणारे धागे) पाचच असतात. एक अडकला की बाकीच्यांवर ताण.