दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणवेळ काढताना या चुका टाळा

ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर दोन विमानतळ टाकले की लगेच उत्तर येतं: ४०० किलोमीटर, अर्धा तास. यातलं अंतर बहुधा बरोबर असतं. वेळेवर मात्र विसंबू नका.

बरेच कॅल्क्युलेटर मोठ्या जेटचा वेग धरतात, ताशी ८०० ते ९०० किलोमीटर. छोट्या मार्गांवर बऱ्याचदा एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या इंजिनाचं, विमान असतं आणि ते ताशी ५०० च्या आसपासच जातं. म्हणजे नुसत्या हवेतल्या सरळ प्रवासालाच ४८ मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, वळसा घेऊन उतरणं मिळवलं की सव्वा तास सहज होतो. जेट असलं तरी फार फरक पडत नाही. १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा असते, आणि कमी अंतरात पूर्ण वेग गाठेपर्यंत उतरायची वेळ येते. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, म्हणून नियोजनाला तीच घ्यावी.

काही कॅल्क्युलेटर सरसकट अर्धा तास वाढवून देतात. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या २.७ किलोमीटरच्या उड्डाणाला त्यांनी काय उत्तर दिलं असतं? ते विमान दोन मिनिटांत पोहोचतं.

दोन ठिकाणी अंतर वेगवेगळं दिसलं, तर मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. १.६१ आलं तर एकीकडे मैल आहेत आणि दुसरीकडे किलोमीटर. १.८५ आलं तर सागरी मैल आणि किलोमीटर. १.१५ आलं तर दोन्हीकडे मैलच, पण एक साधा आणि एक सागरी. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर सोडून द्या. एकाने पृथ्वी गोल धरलीय, दुसऱ्याने ध्रुवांशी किंचित चपटी.

हजारो किलोमीटरचा घोळ असेल तर विमानतळच चुकलाय. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. दोघांच्या विमानतळ-कोडमध्ये फरक एका अक्षराचा, एसजेसी आणि एसजेओ. म्हणून शहराचं नाव नको, तीन अक्षरी कोड टाका. अक्षांश-रेखांश स्वतः भरत असाल तर दक्षिण आणि पश्चिमेला उणे चिन्ह लावलंय का तेही बघा.

जायची आणि यायची वेळ सारखी धरणं हीसुद्धा नेहमीची चूक. ताशी ५०० च्या विमानाला ताशी १०० चा वारा समोरून लागला तर ४०० किलोमीटरला तास लागतो, पाठीमागून मिळाला तर ४० मिनिटं.

वेळापत्रकातली पोहोचण्याची वेळ स्थानिक असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करून उड्डाणवेळ काढू नका. सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात जेमतेम दीडशे किलोमीटर, पण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. शनिवारी सकाळी आपियाहून निघालेला माणूस शुक्रवारी सकाळी पागो पागोला उतरतो.

आणि हे सगळं करण्याआधी त्या मार्गावर थेट विमान आहे का ते पाहा. कॅल्क्युलेटर कुठल्याही दोन विमानतळांमधली वेळ सांगतो, तिथे एकही विमान जात नसलं तरी.