पारा सदतीसला पोचला की शेतातून बाहेर या: ठाण्याच्या शेतकऱ्यांसाठी उन्हाळी सल्ला

उत्तरेत लू वाहते, बंगालात कालबैसाखीची वादळं उठतात, विदर्भ-मराठवाड्यात गारपीट उभं पीक झोडपते. त्या बातम्या पाहून आपण म्हणतो, आपल्याकडे कुठं पंचेचाळीस होतंय! घात इथंच होतो. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनारपट्टीला ३७ पासूनच. दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही की अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात कार्यक्रमाला जमलेल्या लोकांपैकी चौदा जण उष्माघातानं गेले. ती माणसं तर नुसती बसलेली होती. भेंडीच्या सरीत वाकून तोडणी करणाऱ्याच्या अंगाची काय लाही होत असेल?

मागच्या एप्रिलात आमच्या बांधावर अकराच्या सुमाराला एक मावशी तोडणी करता करता खाली बसल्या. विचारलं तर भलतंच बोलू लागल्या. हात लावला तर अंग तव्यासारखं. करंजाच्या सावलीत आडवं केलं, मानेवर, काखेत ओली फडकी ठेवली, पदरानं वारा घातला. वाचल्या. असं कुणी बरळू लागलं तर आधी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. त्या दिवसापासून आमची तोडणी उजाडताच सुरू होते आणि दहाला संपते. उरली भेंडी जून झाली तरी झाली. तोडलेला माल सावलीत, वर ओलं गोणपाट. भेंडीला पाणी सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, थोडं थोडं आणि वरचेवर द्या. पानं उलटी करून बघत चला, कोरड्या उन्हात लाल कोळी ही कीड झपाट्यानं वाढते.

मुरबाड-शहापूरच्या हापूसवाल्यांना एक कळकळीची विनंती. आळ्यात पेंढ्याचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. तापलेल्या जमिनीची धग वर फळाला लागते आणि साका वाढतो. वरून आंबा देखणा, कापला की आत पांढरा, आंबूस गर. वाशीच्या बाजारात असा माल गेला की वर्षभराचं नाव जातं. फळ चौदा आणे तयार झालं, म्हणजे पिकायला थोडंच बाकी राहिलं, की झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं) देठासकट उतरवा, तेही सकाळी दहाच्या आत नाहीतर चारनंतर. झाडावर पिकायची वाट पाहिली तर एका वावटळीत सडा पडतो.

भातसा धरणाच्या कालव्यावर उन्हाळी भात असेल तर फुलोऱ्यात खाचर कोरडं पडू देऊ नका. त्या दिवसांत पारा पस्तिशीच्या वर चढला की दाणा पोचट राहतो.

आता राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं. शेण, पाला, गवत, वर मातीचा थर, सगळं नीट रचून झालं तरी दुपारी काडी ओढू नका. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि ठिणगी शेजारच्या काजूत जाते. सकाळी, वारा पडलेला असताना भाजा. सभोवती हातभर पट्टा झाडून घ्या, पाण्याचे दोन हंडे जवळ ठेवा. वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवा, म्हणजे जाळ वाऱ्याच्या उलट, सावकाश सरकतो.

मेच्या मध्यापासून वादळवाऱ्याचं भय. १३ मे २०२४ ला मुंबई-ठाण्यात भर दुपारी धुळीचं वादळ येऊन अंधारलं, ते आठवत असेलच. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी हिरवी जाळी चारी कोपऱ्यांना घट्ट बांधावी आणि कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्याव्यात. शेतकऱ्यांनी मोबाइलवर ‘दामिनी’ ॲप ठेवावं, आसपास वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो. आकाश गडगडलं की एकट्या ताडाखाली किंवा आंब्याखाली थांबू नका, गुरं तारेच्या कुंपणापासून सोडवा आणि पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पाऊल टाकू नका. खळ्यावरचा पेंढा भिजत असला तर भिजू द्या.