बटर फ्लेवरचा ड्रम उघडण्याआधी

फरसाण, खारी, बिस्किटं नाहीतर पॉपकॉर्नच्या युनिटमध्ये बटर फ्लेवर वापरायचं ठरलं की चव, दर आणि पॅकिंग यांवर भरपूर खल होतो. ड्रम कुठे उघडायचा आणि कोणी उघडायचा, हे मात्र तो गेटवर येऊन उभा राहिल्यावर ठरतं. या फ्लेवरची वाफ फुप्फुसं बिघडवू शकते आणि पेटही घेते, म्हणून खालची तयारी त्याच्या आधीच उरकायची आहे.

सुरुवात कागदापासून. पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालात काय आहे आणि त्याचे धोके काय हे सांगणारा कागद, मागवा आणि त्यात डायॲसिटाइल हे नाव शोधा. ते नसेल तर २,३-ब्युटेनडायोन शोधा; पदार्थ एकच. सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) ४३१-०३-८ दिसला की शंका मिटली. पिवळसर हिरवट, उग्र वासाचा द्रव आहे, आणि पातळ केला की लोण्याचा वास देतो. घरच्या लोण्यातही तो असतोच, विरजणातले जिवाणू तो किंचित प्रमाणात बनवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं खाण्याचा पदार्थ म्हणून त्याला सुरक्षित ठरवलेलं आहे, आणि माणसं फसतात ती इथेच. सेल्सवाला ‘फूड ग्रेड आहे साहेब’ म्हणतो ते खोटं नसतं, पण तो दाखला पोटापुरता आहे. मिक्सिंगवरचा माणूस फ्लेवर खात नाही, आठ तास हुंगतो.

हे पुस्तकी भय नव्हे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जॅस्पर या गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. तापवलेल्या सोयाबीन तेलात बटर फ्लेवर ओतायचा, मीठ-रंग घालायचा, ते मिश्रण पाकिटांत भरायचं, एवढंच काम. २००० साली तिथल्या एका डॉक्टरच्या लक्षात आलं की या एकाच कारखान्यातल्या आठ जुन्या कामगारांना ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स हा दुर्मिळ आजार झालाय. फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिका आतून जखमी होतात, जखमेचे व्रण धरतात आणि त्या कायमच्या अरुंद होतात. काहींची नावं फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत गेली. निओश या तिथल्या सरकारी संस्थेनं तपासणी केली तेव्हा कामगारांत श्वासमार्ग अडल्याचं प्रमाण अपेक्षेच्या ३.३ पट निघालं. सर्वांत वाईट हाल मिक्सिंगवाल्यांचे होतेच, पण दिवसभर मायक्रोवेव्हमध्ये पाकिटं फोडून बघणाऱ्या क्वालिटीच्या माणसांचीही फुप्फुसं बिघडली होती. त्यामुळे तुमच्या युनिटमध्ये धोक्यात कोण कोण आहे याची नावं लिहिताना चव बघणारे, लॅबवाले, ड्रम धुणारे आणि मशीन दुरुस्त करणारे यांनाही धरा.

पर्चेसवाल्यांना एक गोष्ट बजावून ठेवा. ‘डायॲसिटाइल-फ्री’ लिहिलेल्या मालावर लगेच उडी मारायची नाही. त्यात अनेकदा २,३-पेंटेनडायोन असतं. ते याचंच सख्खं भावंड आहे, आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर त्यानंही तसेच घाव केलेले दिसले. निओशनं २०१६ मध्ये शिफारस केलेल्या मर्यादा शेजारी ठेवून बघा: आठ तासांच्या सरासरीला डायॲसिटाइल ५ पीपीबी, पेंटेनडायोन ९.३ पीपीबी. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. पंधरा मिनिटांच्या झटक्याला डायॲसिटाइलची मर्यादा २५ पीपीबी आहे. उघड्या टाकीशेजारी या आकड्यांच्या आत राहणं जवळजवळ अशक्य, हे एकदा मनात धरलं की पुढची यादी का एवढी किचकट, ते विचारावं लागत नाही. पावडर फ्लेवर घेतला म्हणून सुटका होते असंही नाही. पोतं झटकलं की धूळ उडते आणि धुळीबरोबर तोच पदार्थ छातीत उतरतो.

आता जागा. मिक्सिंगची खोली बाकी शेडपासून भिंतीनं वेगळी हवी, आणि तिथली हवा बाहेर खेचली जाऊन शेडमधली हवा आत आली पाहिजे, उलट नाही. भिंतीत वर बसवलेला साधा एक्झॉस्ट पंखा इथे फारसा कामाचा नाही; तो वाफ आधी माणसाच्या नाकासमोरून वर नेतो आणि मग बाहेर टाकतो. टाकीच्या तोंडाशीच बाजूनं खेचणारं हुड हवं. उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते बघा, पण ही चाचणी ड्रम यायच्या आधीच, खोली कोरी असताना. टाकीला झाकण हवं. शक्य असेल तर ड्रममधून पंपानं थेट टाकीत माल जाईल अशी बंद सोय करा. बादलीनं ओतणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट मार्ग आहे.

मग आग. डायॲसिटाइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेटू शकते तो, ६-७ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा पेट घ्यायला ठिणगी पुरते. वाफ हवेच्या तिप्पट जड, ती जमिनीलगत सरपटत गटारात आणि शेजारच्या खोलीत पोचते. त्यामुळे खोलीतले दिवे, मोटर, स्विच फ्लेमप्रूफ, ड्रमला अर्थिंगची क्लिप आणि मोबाइल बाहेर. साठवण थंड जागी करा, पण त्यासाठी घरगुती फ्रीज आणून ठेवू नका. त्याचा थर्मोस्टॅट आतल्या आत ठिणगी टाकतो. ज्वालाग्राही द्रवासाठीचे वेगळे फ्रीज मिळतात. आग लागली तर पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, आणि फोम ठेवणार असाल तर अल्कोहोल-रोधक.

मास्कच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कोविडनंतर प्रत्येक युनिटमध्ये एन-९५ चा गठ्ठा पडलेला असतो आणि तोच वाटला जातो. एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. इथे सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज, म्हणजे मास्कला बसवायची वाफ शोषणारी डबी, लागतं. युरोपीय पद्धतीच्या मालावर ते ए टाइप, तपकिरी पट्ट्याचं असतं. पावडर हाताळायची असेल तर त्याला धुळीचा फिल्टरही जोडलेला हवा. अर्धा मास्क ही किमान पायरी. पूर्ण चेहऱ्याचा घेतलात तर उत्तम, कारण वाफेनं डोळे झोंबतात आणि झोंबणारे डोळे चोळायला माणूस मास्क वर करतोच. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, हे ज्याला मिक्सिंगला पाठवायचं त्याच्याशी आधी बोलून ठेवा, ऐन वेळी भांडण नको. कार्ट्रिज ‘वास यायला लागला की’ बदलायचं असं ठरवू नका, कारण नाक थोड्याच वेळात सरावतं. तारीख लिहा आणि तारखेला बदला. हातमोजे ब्युटाइल रबरचे घ्या. डायॲसिटाइलसारख्या कीटोन जातीच्या द्रवापुढे लॅबमधले पातळ नायट्राइलचे हातमोजे फार वेळ टिकत नाहीत. डोळे धुण्याचा नळ दहा-बारा पावलांत असावा आणि त्याला खरोखर पाणी येतंय ना, ते बघा. आमच्याकडे बऱ्याच शेडमध्ये त्याच्यावर डबे टांगलेले दिसतात.

मी स्वतः या सगळ्याच्या वर ठेवीन ती स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायची साधी चाचणी. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, तो आकडा प्रत्येक माणसाचा काम सुरू व्हायच्या आधी घेऊन ठेवायचा. नंतर घेतलात तर तुलना कशाशी करणार? पुढे दर सहा महिन्यांनी. वर्षानं एकदा होणारी नेहमीची आरोग्य तपासणी इथे उशिराची ठरते, कारण मिसुरीत काहींचा खोकला कामाला लागल्यावर काही महिन्यांतच सुरू झाला होता. स्वतःच्याच आधीच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसली तर त्या माणसाला त्याच दिवशी मिक्सिंगवरून हलवा आणि छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा, भले तो आकडा छापील ‘नॉर्मल’मध्ये बसत असो. सोबत सेफ्टी डेटा शीटची प्रत द्या. हा आजार दमा किंवा सिगारेटचा खोकला समजून पंप देण्यात महिने जातात. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, पंपानं न सुटणारा अडथळा, आणि सुट्टीत गावी जाऊन आलं तरी तसाच राहणारा त्रास, असं चित्र असलं तर डॉक्टरांना कामाबद्दल सांगितलंच पाहिजे. झालेलं नुकसान औषधानं भरून येत नाही.

यातली खरी अडचण कंत्राटी हेल्परची आहे. आज हा, उद्या तो. ज्याच्या नावाची फाइलच नाही त्याची घट कोण मोजणार? मिक्सिंगला ठरलेलीच माणसं ठेवा, बदली माणूसही फाइल उघडूनच. आणि सोडून जाणाऱ्याच्या हातात त्याच्या अहवालांची प्रत द्या.

पहिल्या बॅचच्या दिवशी फार काही उरत नाही. तेल आधी तापवून निवू द्या, फ्लेवर शेवटी आणि थंडच घाला; तेल जितकं गरम तितकी वाफ जास्त, याहून स्वस्त उपाय या यादीत दुसरा नाही. ओतताना खोलीत गरजेपुरतीच माणसं. झाकण लावल्यावरही हुड चालू राहू द्या. सांडलं तर वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं हलकं खनिज) टाकून उचलायचं, मास्क घालूनच, आणि झाकणाच्या डब्यात भरायचं. पाणी मारून गटारात ढकलायचं नाही. धुलाईला कढत पाणी वापरायचं असेल तर तो मास्कचाच वेळ समजा.

शेवटी रिकामा ड्रम. रिकामा म्हणतो तरी तळाशी कपभर माल आणि आतभर वाफ असते, त्यामुळे तो कापायला गॅसकटर लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पाणी साठवायला तो घरी न्यायची मागणीही हमखास येते. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत असे दूषित ड्रम मोडतात, तेव्हा झाकण घट्ट लावून वेगळ्या जागी ठेवा, नोंद करा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्या. भंगारवाला जास्त पैसे देईल, तरीही.