दवाखान्यात पेशंटला शांत झोप कशी मिळवून द्यावी

दवाखान्यात झोप लागत नाही याचं खापर बहुतेक जण आजारावर फोडतात. पण बरीचशी झोपमोड होते ती दिवे, आवाज आणि रात्री होणाऱ्या तपासण्यांमुळे. यातलं पुष्कळसं नुसतं विचारूनही टळतं, फक्त विचारायचं ते दिवसा.

सुरुवात सकाळपासून करा. पडदे उघडा, खाट खिडकीजवळ नसेल तर डॉक्टरांच्या परवानगीने पेशंटला थोडा वेळ उजेडात बसवा. दिवसरात्रीचं भान शरीराला उजेडावरून येतं. दुपारची डुलकी तीनच्या आत आणि अर्ध्या तासात आटोपलेली बरी. चहा-कॉफी दुपारनंतर बंद.

डॉक्टर राऊंडला आले की औषधांच्या वेळा विचारून घ्या. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. लघवी जास्त होण्याची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइडसारखी, संध्याकाळी उशिरा दिली तर अर्धी रात्र बाथरूमच्या खेपांत जाते. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स रात्री घेतली की डोळा लागत नाही. ‘हा डोस सकाळी चालेल का?’ एवढंच विचारा. कधी कधी वेळ बदलता येत नाही, तेव्हा हट्ट धरू नका. पेशंट स्थिर असेल तर मध्यरात्रीचं बीपी आणि पहाटेचं रक्त घेणं थोडं पुढेमागे होईल का, हेही याच वेळी विचारा.

रात्रीच्या सिस्टर ड्यूटीवर आल्या की सलाईन किती उरलंय ते त्यांना बघायला सांगा. सुई कोपराच्या घडीत असली तर झोपेत हात दुमडतो, नळी दबते आणि सलाईन सोडणारा पंप कोकलायला लागतो. हात सरळ राहील अशी उशी खाली द्या. पंपाच्या बटणांना मात्र आपण हात लावायचा नाही. दुखत असेल तर वेदनाशामकाची वेळ झाली आहे का, ते झोपण्यापूर्वीच विचारा. कळ असह्य होईपर्यंत थांबू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वॉर्डात रात्री सरासरी आवाज ३० डेसिबलपर्यंत असावा, म्हणजे जेमतेम कुजबुजीइतका. प्रत्यक्षात तो मिळणं कठीण. म्हणून इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी घरूनच न्या. सोबतच्या माणसानेही फोन सायलेंटवर ठेवावा (निम्मा गोंगाट आपलाच असतो!). घोरण्याच्या आजारासाठी सीपॅप मशीन वापरत असाल तर ते आणल्याचं भरती होतानाच सांगा.

घरची झोपेची गोळी परस्पर देऊ नका. वयस्कर माणसांत अशा गोळ्यांनी गोंधळ उडतो, तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवा. रात्री माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, कुठे आहोत हेच त्याला कळेनासं झालं, तर ‘झोप झाली नाही म्हणून असेल’ असं समजून सकाळपर्यंत थांबू नका, लगेच सिस्टरना बोलवा.